दोन भोवऱ्यांचं डोकं

९ ऑक्टोबर

चि. भोवऱ्या यास आबाचे अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळे बरे आहेत. आमच्या वेळी पत्रात पहिलं हेच लिहायचे, म्हणून लिहिलं. फोन असताना कागद कशाला खराब करता, असं तुझी आई म्हणाली. पण रविवारी तुझा फोन येतो तेव्हा तो तिच्या हातात असतो, तुझा बाप तिच्या खांद्यावरून डोकावतो आणि शेजारीण दारातून "आम्हालाही दाखवा" म्हणते. माझी पाळी येईपर्यंत काय विचारायचं तेच मी विसरतो. मग मी विचारतो, जेवलास का. तू म्हणतोस, हो. आई म्हणते, बरं ठेवते. नातू एवढ्या लांब गेला आणि त्याच्याशी माझं एवढंच बोलणं. म्हणून हे पत्र. चौथीपर्यंत शिकलेला माणूस आहे, चुका पोटात घाल.

खोलीला खिडकी आहे का? कडी आतून नीट बसते का? अंघोळीचं पाणी किती तापतं, आधी बोट बुडवून बघत जा. जिना ओला असेल तर कठडा धर. अंधारात एकटा फिरू नकोस आणि दुकटाही फिरू नकोस, कारण दुसरा कसा आहे ते आपल्याला माहीत नसतं.

दुकानात मास्तर रोज तुझी चौकशी करतात. शाळेतून निवृत्त झाल्यापासून भिंतीकडची खुर्ची त्यांचीच. डोक्यावर आठ केस, पण पेपर वाचायला हजर. काल म्हणाले, "पाण्याचं शिक्षण घ्यायला इतकं लांब कशाला गेला? तिकडचं पाणी जास्त ओलं असतं का?" मी म्हटलं, विचारून कळवतो.

आता मुख्य मुद्दा. तुझे केस. जायच्या आदल्या दिवशी मी बारीक केले होते, तरी आता कानावर आले असतील. तुझ्या डोक्याला दोन भोवरे आहेत, त्यावरून तर तुझं नाव पडलं. हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, पण तिकडच्या कारागिराला ठाऊक नाही. तो सरळ कात्री चालवील आणि मागे कोंबड्याचा तुरा उभा राहील. लहानपणी आजोळी एकाने तसंच केलं होतं, तेव्हा आजीने तुला महिनाभर टोपी घालून हिंडवलं. दोन भोवऱ्यांची दोन लग्नं होतात म्हणतात. त्याची मला काळजी नाही, एक झालं तरी खूप. पण डोकं दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नकोस. मीसुद्धा माझं डोकं चौकातल्या कारागिराखेरीज कुणाला देत नाही. तो माझं करतो, मी त्याचं करतो, इतकी वर्षं झाली.

जूनमध्ये सुट्टीला येशील तेव्हा मी करीन. तोवर वाढू दे. हवे तर बांध. लोक हसतील, हसू देत. मला तसं वचन लिहून पाठव.

ओल्या केसांनी बाहेर पडू नकोस. वाढलेले केस लवकर वाळत नाहीत.

तुझा आबा


२८ ऑक्टोबर

ती. आबांना भोवऱ्याचा साष्टांग नमस्कार.

खाली जिन्याजवळ प्रत्येक खोलीची एक टपालपेटी आहे. माझ्या पेटीत आजवर नुसत्या जाहिराती यायच्या. परवा तुमचं पाकीट दिसलं. जिन्यातच उभं राहून वाचलं, मग खोलीत येऊन पुन्हा वाचलं.

खिडकी आहे. समोर दुसऱ्या इमारतीची खिडकी, तिथे एक बाई रोज सकाळी कुंड्यांना पाणी घालतात. ओळख नाही, पण मी उशिरा उठलो की त्यांना कळतं असं मला उगाच वाटतं. दाराला कडी नाही, कार्ड आहे. दार आपोआप बंद होतं, कार्ड आत राहिलं की आपण बाहेर. एकदाच झालं तसं, काळजी करू नका.

खोलीत जोडीदार आहे, दुसऱ्याच देशाचा. मी मनात त्याला लंबू म्हणतो, झोपला की त्याचे पाय पलंगाबाहेर असतात. त्याची भाषा मला येत नाही, माझी त्याला येत नाही, म्हणून दोघं मिळून तिसरीच भाषा मोडत असतो. स्वयंपाकघर सगळ्या मजल्याचं एकच. फ्रीजमध्ये प्रत्येकाला एक कप्पा. माझ्या शेजारचा कप्पा ज्याचा आहे त्याचं दूध मला ओळखता येतं, तो मला अजून दिसलेला नाही.

मास्तरांना सांगा, पाणी इथेही तेवढंच ओलं आहे. प्रयोगशाळेत आम्ही ते आधी गढूळ करतो आणि मग स्वच्छ करतो. अजून गढूळ करण्यापर्यंतच शिकवलं आहे.

रस्त्यात माणसं खूप असतात, पण कुणाचा कुणाला धक्का लागत नाही. चुकून लागला तर दोघंही माफी मागतात. आपल्या दुकानातल्या बाकावर चार जण मांडीला मांडी लावून बसतात आणि पाचवा आला की "सरका" म्हणतो, ते आठवलं.

वचन दिलं. केसाला कुणी हात लावणार नाही. आईच्या फोनवर फोटो पाठवला आहे, बघा. सगळं छान चाललं आहे.

तुमचा
भोवऱ्या


२० नोव्हेंबर

चि. भोवऱ्या यास आशीर्वाद.

फोटो बघितला. तुझ्या आईला तो मोठा करून दाखव म्हटलं. तिने केला. मग मी चष्मा पुसून परत बघितला.

तुझा भांग डावीकडे असतो. मी पाडलेला आहे, मला माहीत आहे. फोटोत तो उजवीकडे आहे. भांग काही रात्रीत कूस बदलत नाही. म्हणजे कुणीतरी हात फिरवला. तुझ्या वचनाची शाई वाळली नसेल रे.

कोण आहे तो? भोवरे तरी बघितले का त्याने? मी रागावलो नाही. आई म्हणेल आबा दोन दिवस बोलले नाहीत, ते माझा घसा बसला होता म्हणून. गैरसोय झाली असेल, कुणी हसलं असेल, समजू शकतो. पण तसं सांगायचं. मी काही तिकडे येऊन त्याची कात्री हिसकावणार नव्हतो.

ते दाराचं कार्ड गळ्यात बांध, दोरी नसेल तर बुटाची नाडी घे. कुंड्यांवाल्या बाईंच्या खिडकीकडे फार वेळ बघत जाऊ नकोस, त्यांच्या घरचे काय समजतील. आणि सगळं छान आहे असं तू एका ओळीत लिहिलंस. छान असलेला माणूस एवढं थोडक्यात सांगत नाही.

अक्षर जरा हललं आहे. टेबलाचा एक पाय आखूड झाला आहे.

तुझा आबा


१४ डिसेंबर

ती. आबांना साष्टांग नमस्कार.

कुणी हात फिरवलेला नाही. फोनने आपण आपलाच फोटो काढला की तो आरशासारखा उलटा येतो. माझी डावी बाजू तुम्हाला उजवी दिसली. जन्मभर आरशासमोर उभे राहिलात आणि आरशानेच तुम्हाला फसवलं. मास्तरांना विचारा.

केस आता मानेवर आले आहेत. वर्गात रबर लावून बसतो. मागे बसणारी मुलगी एकदा मला "बाई, जरा सरकता का" अशा अर्थाचं काहीतरी म्हणाली. मी सरकलो.

इथे दिवस लहान झाला आहे. दुपारी वर्गात जावं आणि बाहेर येईतो दिवे लागलेले. बसच्या काचेतून कुणाच्या तरी घरातलं जेवणाचं टेबल क्षणभर दिसतं, ताटं मांडलेली, आणि बस पुढे जाते. बाकी ठीक. परीक्षा जवळ आली आहे.

सहज विचारतो. मानेवर मागची रेषा सरळ कशी काढता? आणि वर लांब, खाली बारीक असे केस असले की मधे पायरी दिसते, ती कशी घालवता? काही विशेष नाही, मनात आलं.

टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी घाला.

तुमचा
भोवऱ्या


१० जानेवारी

चि. भोवऱ्या यास आशीर्वाद.

मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, पोरगा बरोबर आहे. शिवाय म्हणाले, "इतकी वर्षं तुमच्या दुकानात माझा डावा कान उजवीकडे होता, मी कधी तक्रार केली का?" दोन दिवस तेच सांगत सुटले आहेत. असो. माझं चुकलं. मला बरं वाटलं पण.

तुझा प्रश्न वाचून आणखी बरं वाटलं. तुझ्या बापाने आयुष्यात मला असलं काही विचारलं नाही. तर ऐक. मागची रेषा एकदम मशीन लावून काढायची नाही. आधी माणसाला मान खाली घालायला सांगायची. मग आपल्या डाव्या हाताची बोटं त्याच्या डोक्यावर ठेवायची. दाबायची नाहीत. हात आहे एवढं त्याला कळलं पाहिजे, मग तो हलत नाही. मान सैल सोडतो. नवी पोरं डोकं धरतात, चेंडू धरावा तसं. धरलेलं डोकं ताठ होतं. पायरीचं म्हणशील तर कंगवा खालून वर न्यायचा आणि नेता नेता डोक्यापासून लांब करायचा, कंगव्याच्या बाहेर येतील तेवढेच केस कापायचे. पायरी घालवायची नसते, होऊच द्यायची नसते. सगळं झालं की मागे आरसा धरायचा. माणसाला आपली पाठ कधी दिसत नाही, ती दाखवल्याशिवाय त्याला उठवायचं नाही.

हे लिहून झालं आणि मग माझ्या मनात आलं, याला हे कशाला हवं आहे? पाण्याच्या परीक्षेत हे विचारत नसतील. भोवऱ्या, नीट ऐक. माझ्या बापाने मला चौथीतून काढून खोक्यावर उभं केलं, कारण खुर्चीच्या पाठीवरून माझा हात पुरत नव्हता. तुझ्या बापाला मी कात्रीला शिवू दिलं नाही. तो कचेरीत खुर्चीवर बसला. तू त्याहून मोठ्या खुर्चीवर बसायचं आहेस. आपल्या घरातल्या माणसाने आता खुर्चीमागे उभं राहायचं नाही. नुसतं कुतूहल असेल तर ठीक.

दाढीची गिऱ्हाइकं मी हल्ली कमी केली आहेत. लोक घरीच करतात. टेबलाखाली पुठ्ठा घातला. आता जमीनच वाकडी वाटते.

जूनसाठी पांढरं कापड नवीन आणून ठेवलं आहे. तुझ्याखेरीज कुणाच्या गळ्यात बांधणार नाही.

तुझा आबा


९ फेब्रुवारी

ती. आबांना साष्टांग नमस्कार.

कसं लिहावं कळत नाही, म्हणून सरळ लिहितो. मला जूनमध्ये यायला जमणार नाही. आमच्या प्राध्यापक बाई शहराबाहेरच्या पाणी शुद्ध करणाऱ्या कारखान्यात सुट्टीभर काम करायला दोघांना नेणार आहेत, त्यात मला निवडलं. ते केलं तर पुढच्या वर्षीचा माझा अभ्यास त्यावरच होईल. मी हो म्हटलं आहे. आईला रविवारी सांगीन, तुम्हाला आधी.

म्हणजे आता पुढच्या जूनमध्ये, सगळं संपवूनच. वर्ष भराभर जातं म्हणतात. अजून गेलेलं मी पाहिलेलं नाही.

ते पांढरं कापड घडी करून ठेवा. केसांना कुणी हात लावणार नाही, पुढच्या जूनपर्यंत वाढले तरी.

रागावू नका.

तुमचा
भोवऱ्या


३ मार्च

चि. भोवऱ्या यास आशीर्वाद.

पत्र मिळालं. अभ्यास आधी. योग्य केलंस. कारखान्यात यंत्राजवळ केस मोकळे सोडू नकोस.

रागावलो नाही. घरी सगळे बरे आहेत.

आबा


१२ मार्च

चि. भोवऱ्या,

मागच्या पत्राचं उत्तर यायच्या आधी हे लिहितो आहे, कारण झोप लागत नाही.

रविवारी तुझा फोन आला. माझी पाळी आली तेव्हा "जेवलास का" म्हटलं. पण मला डोळे आहेत. तुझ्या मागे स्वयंपाकघर दिसत होतं. मधोमध एक खुर्ची होती, एकटीच, टेबलापासून लांब. खुर्चीच्या पाठीवर चादर. तुझी आई म्हणाली, मुलांचं घर आहे, खाली कचरा पडायचाच. तो कचरा नव्हता. केस होते आणि एका माणसाचे नव्हते, रंग तीन होते. आणि मागून गळ्याला टॉवेल गुंडाळलेला एक उंच मुलगा आला आणि तुला बघून परत फिरला. तू पटकन फोन भिंतीकडे केलास.

आता खरं सांग. नापास झालास का? कॉलेजातून काढलं का? ते कारखान्याचं खरं आहे की तेही हेच काम आहे? डिसेंबरात रेषा कशी काढायची विचारलंस, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. मी मूर्ख, खूश होऊन शिकवत बसलो.

मी तुला काय बोललो होतो? दोन पिढ्या घासल्या आम्ही तो खोका पायाखालून काढायला. आणि तू समुद्र ओलांडून तिथे जाऊन पुन्हा त्याच्यावर चढलास. हेच करायचं होतं तर इथे काय वाईट होतं? इथे निदान मी शेजारी असतो.

तुझ्या आईबापाला काही बोललो नाही. लवकर लिही. हवं असेल तर परत ये, घरी कुणी काही बोलणार नाही, मी बोलू देणार नाही.

आबा


५ एप्रिल

ती. आबांना साष्टांग नमस्कार.

नापास झालेलो नाही. निकाल आईच्या फोनवर पाठवला आहे, मास्तरांकडून वाचून घ्या. कॉलेज आहे, कारखाना खरा आहे, बाईही खऱ्या आहेत. आता बाकीचं सांगतो. मी लपवलं, ते तुम्ही रागवाल म्हणून. पण त्याच्या मागचंही काही लपवलं होतं.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात मला इथे अजिबात करमत नव्हतं. दिवसच्या दिवस मी फक्त "थँक्यू" आणि "सॉरी" एवढंच बोलायचो. शनिवारी तर तेही नाही. कुणी वाईट वागत नाही आबा, सगळे चांगले आहेत. पण चांगले लांबून असतात. दुकानदार पैसे हातात देत नाही, ताटलीत ठेवतो. एके दिवशी बसमध्ये एका म्हातारीचा तोल गेला आणि तिने माझा दंड धरला. ती उतरून गेली तरी मी त्या जागेवर हात ठेवून बसलो होतो. हे फोनवर आईला कसं सांगणार? म्हणून सगळं छान आहे असं लिहिलं.

लंबूचीही तीच गत असावी. त्याचे केस डोळ्यांवर आले होते. एका शनिवारी दुपारी तो स्वयंपाकघरातली कात्री घेऊन आरशासमोर उभा राहिला आणि एका बाजूने असे काही कापले की मला बघवेना. मी कात्री काढून घेतली. त्याला खुर्चीवर बसवलं, गळ्यात चादर बांधली आणि "मान खाली" म्हटलं. मराठीतच तोंडातून निघालं. त्याला कळलं. मग मी डाव्या हाताची बोटं त्याच्या डोक्यावर ठेवली. तुमचं ते बोटांचं पत्र तेव्हा आलं नव्हतं. तुम्ही ठेवता तशी ठेवली, एवढंच. थोड्या वेळाने त्याचे खांदे हलायला लागले. वाटलं, गुदगुल्या झाल्या, हसतोय. वाकून बघितलं तर रडत होता. नंतर मोडक्या भाषेत म्हणाला, इथे आल्यापासून माझ्या डोक्याला कुणाचा हात लागला नव्हता.

पायरी राहिली त्याच्या केसांत, म्हणून तुम्हाला विचारलं.

मग त्याने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. आता शनिवार-रविवारी दुपारी खुर्ची मधे ओढायची आणि चार-पाच जण भिंतीला टेकून थांबायचे. पैसे घेत नाही. कुणी मला गणित समजावतं, कुणी भांडी घासून ठेवतं. फ्रीजमधला तो दुधाचा मालकही एकदा येऊन बसला. मागचा आरसा नाही म्हणून फोनने फोटो काढून दाखवतो. मला खोक्यावर कुणी उभं केलं नाही आबा. मी आपणहून उभा राहिलो. आणि तुम्ही मला कधी कात्री धरू दिली नाही, पण रोज बाकावर बसून गृहपाठ करताना मी वर बघतच नव्हतो असं वाटतं का तुम्हाला?

आता तुमच्याबद्दल. तुमचं मार्चचं अक्षर मला नीट लावता आलं नाही, म्हणून आईला खोदून विचारलं. तिने सांगितलं. तुमचा हात हलतो. जानेवारीत वस्तरा मास्तरांच्या कानाला लागला आणि त्या दिवसापासून तुम्ही वस्तरे कपाटात ठेवून दिले. आणि टेबलाचे चारही पाय सारखे आहेत म्हणे.

तुम्हाला जून का हवा होता ते आता कळलं. मी बाईंना नाही म्हणून सांगतो आहे. जूनमध्ये येतो. माझं डोकं तुम्हीच करा, जमेल तसं करा. तुरा उभा राहिला तरी चालेल, टोपी घालीन.

तुमचा
भोवऱ्या


२७ एप्रिल

चि. भोवऱ्या यास आबाचे अनेक आशीर्वाद.

अक्षर ओळखलं असशील. मी सांगतो, मास्तर लिहितात. (कान बरा आहे. – मास्तर)

आधी कामाचं. बाईंना नाही म्हणायचं नाही. म्हटलं असशील तर उद्या जाऊन हो म्हणून ये, पाया पडायला लागलं तरी पड. रागाने सांगत नाही. माझा हात काही जूनची वाट बघून हलत नाही. तू आलास म्हणून तो थांबणार नाही. तुझं काम मात्र थांबेल. डॉक्टरने गोळ्या दिल्या आहेत, त्याने सकाळी बरं असतं. तू जाण्याआधीच हे सुरू झालं होतं. आदल्या दिवशी तुझे केस केले तेव्हा हात कंगव्याआड धरला होता, तुला कळू दिलं नाही. मला वाटलं, जूनपर्यंत पुरेल. तुला वचनात बांधलं ते एवढ्यासाठी. भोवरे हे निमित्त. (निमित्त नाही, भोवरे खरोखर त्रासदायक आहेत, मी पाहिले आहेत. – मास्तर)

तर त्या वचनातून तुला मोकळं केलं. केस कापून घे. कारखान्यात रबर लावून उभा राहिलेला चालणार नाही. लंबूला सांग कापायला. त्याला पुढचं समजावून सांग, तुमच्या त्या तिसऱ्या भाषेत. मोठा भोवरा घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो, धाकटा उलटा फिरतो. दोघांच्या मधे बोटभर जागा आहे, तिथे केसांची भांडणं असतात. त्या जागेला कात्री लावायची नाही. तिथला केस लांब ठेवायचा, म्हणजे आपल्या वजनाने आपोआप बसतो. ओल्या केसांवर अंदाज घ्यायचा, कापायचं वाळल्यावर. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मास्तरांना सांगून उपयोग नव्हता, त्यांच्याकडे भोवरा आहे पण केस नाहीत. आणि बोटं डोक्यावर ठेवायला सांग. त्याला ते वेगळं शिकवावं लागणार नाही म्हणा.

त्या मुलाच्या रडण्याचं तू लिहिलंस ते मास्तरांकडून दोनदा वाचून घेतलं. माझी समजूत अशी होती की लोक माझ्याकडे केस कापायला येतात. काल मास्तरांना विचारलं, तुम्ही आठ केसांसाठी दर पंधरवड्याला खुर्चीत का बसता? ते पेपरमागे गेले. (मी बातमी वाचत होतो. – मास्तर)

खोक्याचं मी जे लिहिलं ते परत घेतो. मला खाली उतरायची मुभा नव्हती म्हणून मला तो खोका वाटला.

दुकान महिनाअखेर बंद करतो आहे. एक खुर्ची चौकातल्या कारागिराने नेली. दुसरी घरी आणली, तुझ्या खोलीत खिडकीपाशी ठेवली आहे. तुझी आई म्हणते, घरात चालायला जागा नाही. तुझा बाप काल तिच्यावर बसून पेपर वाचत होता. मागचा आरसाही आणला आहे. (मी आता कुठे बसायचं हा प्रश्न कुणीच विचारलेला नाही. – मास्तर) मास्तरांना घरी यायला सांगितलं आहे, ते न सांगताही आले असते.

आता मास्तर चहाला गेले आहेत. पुढचं मी लिहितो. लावून लावून वाच.

मी केस वाढवतो आहे. चौकातला कारागीर दोनदा येऊन गेला, चल बस म्हणाला. त्याला नाही म्हटलं. त्याला वाईट वाटलं, पण तो समजेल. आता कानावर आले आहेत. पुढच्या जूनपर्यंत खांद्यावर येतील. गल्लीतली माणसं हसतात. हसू देत.

तू ये, काम संपवून ये. मी खुर्चीत बसेन, तू मागे उभा राहा. ते पांढरं कापड तसंच घडीत आहे. कात्री आणू नकोस, माझी आहे, धार लावून ठेवली आहे. मान खाली म्हणालास की घालीन. हलणार नाही असं वचन मात्र देत नाही. हल्ली मानही थोडी हलते.

डाव्या हाताची बोटं तेवढी ठेव.

आबा